निवडणुकीचा हंगाम आणि मनाचा तोल

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



व्याख्यानमालेसाठी मी हा विषय सुचवला तेव्हा आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, "अहो, हा विषय डॉक्टरचा की पुढाऱ्याचा?" प्रश्न रास्त होता. मी डॉक्टर नाही आणि पुढारी तर नाहीच. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारा मी साधा माणूस. परंतु बँकेचा काउंटर ही अशी जागा आहे, की तिथे गावातले सगळे सुखदुःख रांगेत येऊन उभे राहते. शिवाय आम्हा बँक कर्मचाऱ्यांना निवडणुकीची ड्यूटी लागते, त्यामुळे मतदान केंद्राची आतली बाजूही मी पाहिली आहे. या दोन जागांवरून जे दिसले तेच आज मांडणार आहे. मत कोणाला द्या हे मी सांगणार नाही. ते सांगणारे भरपूर आहेत.

२०२४ हे वर्ष आठवा. १६ मार्चला लोकसभा निवडणुकीची घोषणा झाली आणि निकाल लागला ४ जूनला. अडीच महिन्यांहून अधिक काळ, तोही भर उन्हाळ्यात, सभा, भोंगे, मिरवणुका, टीव्हीवरच्या चर्चा आणि मोबाईलवरचे संदेश यांतून आपण गेलो. जरा श्वास घेतो तोच १५ ऑक्टोबरला विधानसभेची घोषणा, २० नोव्हेंबरला मतदान आणि २३ नोव्हेंबरला निकाल. जूनमध्ये राज्यातल्या ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३० मिळाल्या, महायुतीला १७ आणि एक अपक्षाला. नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या २८८ जागांपैकी महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून २३० आणि आघाडीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून ४६. या दोन निकालांत अंतर किती? १७२ दिवस. आमच्या ऑफिसात जूनमध्ये पेढे वाटणारे गृहस्थ नोव्हेंबरमध्ये दोन दिवस रजेवर गेले. आणि जूनमध्ये ज्यांनी जेवणाचा डबा न उघडता तसाच घरी नेला, ते नोव्हेंबरमध्ये पेढे घेऊन आले. पेढे एकाच दुकानातले होते.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट आहे, पण पूर्ण नाही. रजेवर गेलेल्या गृहस्थांचे रक्तदाबाचे औषध त्या आठवड्यात वाढवावे लागले. अशी माणसे तुमच्याही गल्लीत असतील. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१६ साली तिथे पाहणी केली, तेव्हा ५२ टक्के प्रौढांनी निवडणूक हे आपल्या ताणाचे मोठे कारण असल्याचे सांगितले. २०२४ साली तेच सांगणारे ६९ टक्के झाले. तेव्हा हा आजार आपल्याच मातीतला आहे असे समजून लाजण्याचे कारण नाही.

अंगुत्तर निकायात तथागतांनी आठ लोकधर्म सांगितले आहेत: लाभ-अलाभ, कीर्ती-अपकीर्ती, निंदा-प्रशंसा, सुख-दुःख. माणूस सत्पुरुष असो की सामान्य, हे आठही त्याच्या वाट्याला येणारच. महामंगलसुत्तात त्यांचा उल्लेख आपण दर पौर्णिमेला म्हणतो. म्हणतो खरे, पण मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठ वाजता ते आठवत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या बाबतीत तर २०२४ साली एक विलक्षण योग आला होता. आपले लातूर म्हणजे राज्यभरातून मुले शिकायला येतात ते गाव. ५ मे २०२४ रोजी नीटची परीक्षा होती आणि ७ मे रोजी लातूरसह राज्यातल्या ११ मतदारसंघांत मतदान होते. म्हणजे ज्या आठवड्यात मुलाने जीवशास्त्राची शेवटची उजळणी करायची, नेमका त्याच आठवड्यात गल्लीत प्रचाराला ऊत आलेला. पुढे आणखी कहर म्हणजे नीटचा निकाल १४ जूनला लागणार होता, तो अचानक ४ जूनलाच लागला. एकाच दिवशी देशाचा निकाल आणि पोराचा निकाल! त्या संध्याकाळी काही घरांत बापाला मुलाचे गुण विचारायची आठवण उशिरा झाली, आणि मुलाला वाटले की बाबांचा चेहरा माझ्या गुणांमुळे पडला आहे. पोराने ते रात्रभर मनात ठेवले. बाबांचा चेहरा पडला होता भलत्याच मतदारसंघामुळे. मोठ्या माणसांचा ताण मुलांपर्यंत असा न सांगता पोहोचतो. यासाठी मी हा विषय घरातला आहे असे म्हणतो.

मग काही लोक सोपा उपाय सुचवतात. म्हणतात, राजकारणापासून लांब राहा, बातम्या बंद करा, ध्यान करा. ध्यान करावे, त्याबद्दल दुमत नाही. पण राजकारणापासून लांब राहण्याचा सल्ला ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या सत्तेजवळ गेल्या त्यांना परवडतो. आपल्याला तो परवडत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना मत नव्हते. मताचा अधिकार जमीन, कर आणि शिक्षण यांवर मोजला जात होता आणि या तिन्ही गोष्टींपासून त्यांना दूर ठेवलेले होते. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली, आणि अखेर संविधानाच्या ३२६व्या कलमाने तो अधिकार सर्वांना एकाच दिवशी मिळाला. इतक्या कष्टाने आलेली वस्तू मनःशांतीसाठी खुंटीला टांगून ठेवायची, हे मला पटत नाही. प्रश्न राजकारण सोडायचे की नाही हा नाहीच. ते अंगावर किती घ्यायचे आणि त्यातले आपले काम कोणते, एवढाच प्रश्न आहे.

या बाबतीत मला नेहमी रोहिणी नदीचा प्रसंग आठवतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत यांच्या दर्शनात शोधलेले नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून भांडण पेटले. पाण्यावरून भांडण कसे पेटते हे लातूरकरांना समजावून सांगायची गरज नाही. २०१६ साली इथे पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तर शाक्यांच्या संघात सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ त्या संघाचा रीतसर सभासद होता. त्याने विरोध केला, पर्यायी सूचना मांडली, आणि मतदानात तो हरला. फार मोठ्या फरकाने हरला.

इथे थांबून विचार करा. आपण ज्यांना शास्ता म्हणतो, त्यांच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात एका हरलेल्या मतदानाने होते. हरल्यावर सिद्धार्थाने काय केले? मत बदलले नाही. संघाला शिव्याही दिल्या नाहीत. आपल्या मतामुळे घरच्यांवर बहिष्कार पडू नये, त्यांची जमीन जप्त होऊ नये, म्हणून परिणाम स्वतःच्या एकट्याच्या अंगावर घेतला. आईवडिलांशी बोलला, यशोधरेशी बोलला आणि मगच निघाला. पुढे राजगृहात असताना त्याला कळते, की शाक्यांमध्येच युद्धाविरुद्ध चळवळ उभी राहिली आणि दोन्ही बाजूंनी समेट झाला. म्हणजे जे मत सभागृहात पडले ते समाजात उभे राहिले. आपल्या घरातल्या किती जणांना हा प्रसंग माहीत आहे, आणि त्यातले किती जण निवडणुकीच्या काळात तो आठवतात?

आता स्वतः बाबासाहेबांकडे या. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रीपदाचा राजीनामा दिला आणि लगेच देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने ते उत्तर मुंबईतून उभे राहिले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते पडली आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. ज्यांनी या देशाला प्रौढ मताधिकार देणारे संविधान लिहिले, त्यांना त्याच मताधिकाराच्या पहिल्या निवडणुकीत साडेचौदा हजार मतांनी पराभव पत्करावा लागला. प्रकृती आधीच खालावलेली होती. हा पराभव त्यांना लागला नसेल असे मी म्हणणार नाही. निकालाबद्दल त्यांची तक्रार होती. ती त्यांनी अशोक मेहता यांच्यासह निवडणूक लवादापुढे कायद्याच्या मार्गाने मांडली. ती मान्य झाली नाही. त्याच वर्षी ते राज्यसभेत गेले. जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. १९५४ साली भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढवली, तीही हरले.

आणि या दोन पराभवांच्या आगेमागे चालले काय होते? औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे राहत होते. धम्मग्रंथाचे लेखन चालले होते. मे १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची दीक्षाभूमी घडली. आज आपण या सभागृहात बसलो आहोत, ते या कामांमुळे. १९५२ साली उत्तर मुंबईत कोण निवडून आले हे आता प्रश्नमंजूषेत विचारावे लागते. माझ्या मते बाबासाहेबांच्या आयुष्यातला हा कालखंड आपल्या मुलांना शाळेतल्या परीक्षांइतकाच शिकवला पाहिजे. आपण त्यांचे यश सांगतो, पदव्या मोजतो. ते हरले कसे, हे सांगायला कचरतो. त्यामुळे आपल्या मुलाला वाटते, की मोठी माणसे हरतच नाहीत.

आता काउंटरवर येतो. २०२४ च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजना सुरू झाली, महिन्याला १५०० रुपये. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बँकांमध्ये आधार जोडणीसाठी महिलांच्या रांगा लागल्या, त्या तुम्ही पाहिल्याच आहेत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक मावशी माझ्यासमोर आल्या. पासबुक भरून झाले तरी जाईनात. मग हळूच म्हणाल्या, "साहेब, मत दुसऱ्याला टाकलं तर पैसे बंद होतेत का हो? आमच्या इथं एक जण म्हणला, बँकेत समदं कळतंय." त्यांच्या चेहऱ्यावर खरी भीती होती. त्यांच्या मागच्या रांगेतल्या दोघीतिघींनीही कान टवकारले. मी त्यांना सांगितले, "मावशी, बँकेत तुमची शिल्लक कळते, मत कळत नाही."

हे जरा सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण आपल्या वस्त्यांमधला अर्धा ताण या एका अज्ञानातून येतो. मतदान केंद्रात पहिला अधिकारी यादीतले नाव मोठ्याने वाचतो आणि ओळख पटवतो. दुसरा बोटाला शाई लावतो आणि रजिस्टरवर सही किंवा अंगठा घेतो. तिसरा चिठ्ठी घेऊन मशीनचे बटन दाबतो, तेव्हा आतले यंत्र एका मतासाठी खुले होते. तुम्ही आडोशाला जाऊन बटन दाबता, काचेआड सात सेकंद एक चिठ्ठी दिसते आणि ती बंद पेटीत पडते. चिठ्ठीवर उमेदवाराचे नाव व चिन्ह असते. तुमचे नाव नसते. मशीनमध्ये मताची नोंद होते, मतदाराची होत नाही. सकाळी मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांची चाचणी घेऊन ती पुसली जाते, आणि संध्याकाळी एकूण किती मते पडली त्याचा हिशेब १७-सी या नमुन्यावर प्रतिनिधींना सहीनिशी दिला जातो. ज्यांना शंका आहे त्यांनी प्रतिनिधी म्हणून केंद्रात बसावे, हा कागद जपून ठेवावा आणि मोजणीच्या आकड्याशी ताडून पाहावा. रात्री दोन वाजता व्हॉट्सॲपवर शंका पुढे पाठवण्यापेक्षा हे काम जड आहे, म्हणून त्याला माणसे मिळत नाहीत.

मात्र एक गोष्ट लपवून ठेवणार नाही. एकेका माणसाचे मत कळत नसले, तरी केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात. या वस्तीतल्या केंद्रावर कोणाला किती मते पडली, हे पुढाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळते. 'तुमच्या गल्लीने आम्हाला मत दिले नाही' हे वाक्य तिथून जन्मते, आणि नळाच्या कामापासून रस्त्याच्या दिव्यापर्यंत ते ऐकवले जाते. हा दाब खरा आहे. त्याला एकट्याने तोंड देता येत नाही. संस्थेने, महिला मंडळाने अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, नगरसेवकाकडे पाच माणसांनी मिळून जावे. वैयक्तिक भीती सामुदायिक अर्जात उतरवली की तिची धार पुष्कळ कमी होते, हा माझा अनुभव आहे.

लोकसभेच्या वेळी दुसरी एक भीती होती, संविधानाची. एका बाजूने संविधान बदलले जाणार असे सांगितले जात होते, दुसऱ्या बाजूने हा अपप्रचार आहे असे सांगितले जात होते. आमच्या कॉलनीत काही म्हाताऱ्या माणसांची झोप त्या दिवसांत उडाली होती आणि त्यांना हसण्याचे धाडस मला झाले नाही. ज्यांचे सारे काही त्या एका ग्रंथावर उभे आहे, त्यांना भीती वाटणारच. पण मी विद्यार्थ्यांना विचारले, की ३६८वे कलम कोणी वाचले आहे? बहुतेकांनी नाही. दुरुस्तीसाठी प्रत्येक सभागृहात एकूण सभासदांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत लागते, काही तरतुदींसाठी निम्म्या राज्यांची संमती लागते, आणि २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायमूर्तींच्या पीठाने संसदेला मूळ ढाचा बदलता येणार नाही असा निर्णय दिला. हे वाचले म्हणून निश्चिंत होऊन झोपा असे मी म्हणत नाही. जागेच राहायचे असेल तर माहिती घेऊन राहा. अंधारात दोरी आहे की साप, हे दिवा लावल्यावर कळते. आणि साप असला तरी दिवा उपयोगीच पडतो.

याच संदर्भात २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत दिलेला इशारा आठवतो. राजकारणातली भक्ती ही अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांनी बजावले होते. आपण हा इशारा नेहमी दुसऱ्यांच्या पुढाऱ्यांना लावतो. आपल्या गटांचे काय? ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, पुढे त्याचे गट झाले, गटांचे उपगट झाले. १९९८ साली एकजूट झाली तेव्हा महाराष्ट्रातून चार खासदार खुल्या जागांवरून निवडून आले होते, आणि ती एकजूट किती टिकली हेही आपण पाहिले. पुढारी वेगळे झाले ते झाले. पण त्यापायी सख्ख्या चुलतभावांनी एकमेकांच्या लग्नाला जाणे सोडले, याला काय म्हणावे? पुढारी नंतर एका व्यासपीठावर बसतात, हार घालून घेतात. चुलतभाऊ मात्र अजून बोलत नाहीत.

माझ्या परिचयातल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. पोलीस भरतीची तयारी करणारा, पहाटे पाचला धावायला जाणारा मुलगा. प्रचाराच्या काळात रात्री अकरा वाजता फलक फाडल्यावरून दोन गटांत बाचाबाची झाली, हाणामारी झाली. हा मित्रांबरोबर उभा होता. त्याने हात उचलला की नाही हे मला माहीत नाही, पण फिर्यादीत नाव आले. उमेदवार मुंबईला गेले. मुलगा तारखांना जातो आहे. भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणी होते, गुन्हा प्रलंबित असला तर तो अर्जात लिहावा लागतो, आणि लपवला तर परिस्थिती आणखी बिघडते. त्याच्या आईने मला विचारले, "भाऊ, ह्यातून सुटंल का?" वकील म्हणतात, सुटेल. पण भरतीचे वय थांबत नाही. विद्यार्थी मित्रांनो, नेत्याच्या फलकासाठी रात्री अकराला रस्त्यावर उभे राहण्याआधी स्वतःच्या वयाचा दाखला एकदा पाहा.

भोंग्याचा त्रास होत असेल तर तोही सोसत बसू नका. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. आचारसंहितेच्या काळात निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या ॲपवर छायाचित्रासह तक्रार करता येते आणि १०० मिनिटांत तिची दखल घेण्याची पद्धत आहे. १९५० हा मतदारांसाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे. यादीत नाव आहे का ते आधी पाहून घ्या. वर्षातून चार तारखांना, म्हणजे १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरला १८ पूर्ण होणाऱ्यांची नोंद होते, आणि १७ वर्षांच्या मुलालाही आगाऊ अर्ज देता येतो. २०२४ साली मी ज्या केंद्रावर होतो तिथे एक आजोबा काठी टेकत उन्हात आले आणि यादीत नाव नाही म्हणून परत गेले. प्रचाराचे दोन महिने त्यांच्या नातवाचा मोबाईल राजकारणाने भरून वाहत असेल. आजोबांचे नाव पाहायला दोन मिनिटे लागली असती.

निकालाच्या दिवसाबद्दल थोडे बोलतो, कारण सर्वांत जास्त रक्तदाब त्या दिवशी वाढतो. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक वाहिन्यांच्या मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला ३५० च्या पुढे जागा दाखवल्या. प्रत्यक्षात २९३ आल्या. म्हणजे तीन दिवस अर्ध्या देशाने आनंद केला आणि अर्ध्याने शोक, दोन्ही चुकीच्या आकड्यावर! सकाळी आठला मोजणी सुरू होते. आधी टपाली मते, मग मशीन. विधानसभा क्षेत्रासाठी साधारण १४ टेबले असतात. केंद्रांच्या क्रमांकानुसार मशीन येतात, म्हणून पहिल्या फेरीत बहुधा मतदारसंघाच्या एकाच कोपऱ्यातली मते मोजली जातात. तो कोपरा कोणाचा बालेकिल्ला असेल, तो पुढे दिसतो. अशा वीसपंचवीस फेऱ्या होतात. पहिल्या तीन फेऱ्यांवर फटाके उडवणे आणि पहिल्या तीन फेऱ्यांवर उपाशी राहणे सारखेच. २०२४ साली मुंबई वायव्य मतदारसंघात अखेरचा फरक ४८ मतांचा होता. अशा ठिकाणी दिवसभर पुढे-मागे पाहत बसलेल्या माणसाच्या जिवाचे काय झाले असेल, याची कल्पना करा. संध्याकाळी सहानंतर एकदाच आकडा पाहिला तरी लोकशाहीचे काही नुकसान होत नाही.

आणि एवढे करूनही ज्याची झोप आठवडाभर येत नसेल, जेवण जात नसेल, चिडचिड मुलाबाळांवर निघत असेल, त्याने ते अंगावर काढू नये. शासनाची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ हा तिचा क्रमांक. फुकट आहे, मराठीत बोलता येते, नाव सांगण्याची सक्ती नाही. आपल्याकडे दात दुखला तर डॉक्टर आणि मन दुखले तर 'काही होत नाही' असे म्हणण्याची रीत आहे. ती कोणी पाडली कोण जाणे.

शेवटी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपुढे एक विनंती ठेवतो. पुढच्या निवडणुकीच्या मोजणीच्या दिवशी आपले वाचनालय सकाळी साडेसातपासून रात्री दहापर्यंत उघडे ठेवावे. टीव्ही लावू नये. दारात एक टोपली ठेवून मोबाईल त्यात ठेवावेत. ज्यांची परीक्षा जवळ आहे त्यांनी अभ्यासाला यावे, ज्यांना घरी बसवत नाही अशा वडीलधाऱ्यांनीही यावे, कोणत्याही गटाचे असोत. दुपारी खिचडीची जबाबदारी महिला मंडळाने घ्यावी अशी ताईंना विनंती आहे. शिध्याचा खर्च मी देईन. संध्याकाळी सहा वाजता एकाने फळ्यावर निकाल लिहावा, सगळ्यांनी तो वाचावा, आणि मग रोजच्याप्रमाणे वंदना घेऊन घरी जावे. सूचना मंजूर झाली तर आनंद आहे, आणि मतदानात पडली तर पुढच्या सभेत मी ती पुन्हा मांडेन.